पुसट पायवाटेने धबधब्यापर्यंत

नकाशावर धबधबा जेमतेम ६ किलोमीटरवर होता आणि एकूण चढ ६०० मीटरचा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ सालचा ठोकताळा सांगतो की, साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरावा. त्या हिशेबाने मी सव्वादोन तास धरले. प्रत्यक्षात साडेचार लागले. चढाने दमवले असे नाही. वेळ खाल्ला तो वाट शोधण्याने.

पहिला तास सुरळीत गेला. मग वाटेवर एक झाड आडवे पडलेले दिसले, म्हणून खालच्या अंगाने वळसा घातला आणि पलीकडे दिसलेली मळकी रेघ पकडून निश्चिंतपणे चालू लागलो. थोड्या वेळाने फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या येऊ लागल्या, प्रत्येक झुडपाखालून वाकून जावे लागू लागले, तेव्हा कुठे लक्षात आले की ही माणसांची नव्हे, जनावरांची वाट आहे. मोबाइलमधला ठिपका मला ओढ्याच्या पलीकडच्या काठावर दाखवत होता, कारण अरुंद घळीत उपग्रहांचे संकेत कातळावर आदळून फिरून येतात. मुकाट्याने आडव्या झाडापाशी परतलो आणि तिथून थोडे थोडे वर जाऊन पाहू लागलो. अखेर कधीकाळी करवतीने कापलेले एक फांदीचे टोक सापडले. काप जुना, राखाडी पडलेला, पण सरळ होता. तेवढ्या खुणेने मला झाला तेवढा आनंद पुढे धबधबा पाहूनही झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

ओढा ओलांडण्यासाठी मी सर्वांत अरुंद जागा टाळली, कारण तिथे पाणी खोल आणि वेगवान असते. पात्र पसरट झालेल्या ठिकाणी, बूट न काढता, पाठपिशवीचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडून, प्रवाहाकडे तोंड करून आणि काठी टेकवत एकेक पाऊल आडवे टाकत गेलो; तोल गेलाच असता तर पिशवी झटकन टाकता आली असती. पलीकडे पोहोचल्यावर पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड खूण म्हणून ठेवला.

धबधबा उंच होता, तुषारांनी सगळे खडक शेवाळलेले होते. वरचा कठीण थर पुढे झुकलेला आणि खालचा मऊ थर पाण्याने कोरून काढलेला असल्याने वरून दगड सुटण्याची शक्यता होती. म्हणून डोहापासून लांबच बसलो. परतीसाठी दुपारी एकची वेळ आधीच ठरवली होती, परंतु वरच्या अंगाला ढग दाटलेले पाहून वीस मिनिटांतच निघालो.

ओढ्याशी आलो तेव्हा तो पांढरा दगड बोटभर पाण्याखाली होता. पट्टे सोडले आणि न थांबता उतरलो.