पत्रांची पिशवी आणि आजीचा पदर

रविवार, रात्री साडेदहा

संपादकांनी दिलेली पिशवी शेवटी आज उघडली. 'घरातला जुना फोटो' या विषयावर वाचकांची पत्रं मागवली होती. अंकात जागा सहा पानांची, पत्रं आलीत ४३, आणि निवडायचं काम माझ्या गळ्यात. दुपारी जेवून बसले ती दिवेलागणीपर्यंत उठलेच नाही.

गंमत म्हणजे फोटो फार थोड्यांनी पाठवलेत. "घरात प्रत एकच आहे, पोस्टात गहाळ झाली तर भरून कोण देणार?" असं कराडच्या एका आजोबांनी ठणकावून विचारलंय. त्याऐवजी त्यांनी फोटोचं वर्णनच दीड पान केलंय. तिघे भाऊ स्टुडिओत गेले, प्रत्येकाचा वेगळा फोटो, तिघांच्याही मनगटावर घड्याळ. आणि तिन्ही फोटोंत वाजलेत पावणेपाच. घड्याळ स्टुडिओचं होतं, बंद पडलेलं. कोटही त्यांचाच, धाकट्याच्या पाठीमागे टाचण्या लावून तो आवळला होता.

आग्फा क्लिक थ्री या जुन्या कॅमेऱ्यावर निदान आठ पत्रं. १२० नंबरचा रोल, त्यात १२ फोटो. मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. विसरलं की एकावर एक दोन फोटो. मिरजेच्या बाईंच्या बारशाचं तेच झालं. वडिलांनी आदल्या दिवशी नव्या म्हशीचा फोटो काढला होता. आता पाळण्यात म्हैस उभी आहे. "आमच्या दोघींत ती जास्त ठळक आलीय," असं बाईंनीच लिहिलंय. हे पत्र घ्यायचंच, संपादक काहीही म्हणोत.

एकांच्या पणजीने जन्मात फोटो काढू दिला नाही, आयुष्य कमी होतं म्हणून. हसू नये. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणारे फाळके त्याआधी फोटोग्राफीच करत होते, आणि बडोद्यात त्यांच्या धंद्याच्या आड हीच समजूत आली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात.

पण अडकले ते इस्लामपूरच्या पत्राशी. "आजीचा भिंतीवरचा फोटो खरा नाही," अशी सुरुवात. ती गेल्यावर घरात एकटीचा फोटोच सापडेना. मग लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा उचलला, मोठा केला, आणि पेंटरने ब्रशने पदर, मंगळसूत्र, नथ सगळं चढवलं. साडी हिरवी रंगवली. "हिरवी साडी तिला कधी मिळालीच नव्हती."

पत्र खाली ठेवलं आणि स्टुलावर चढून आमच्या आजीचा फोटो खिळ्यावरून उतरवला. मागे पालीची अंडी. काच पुसून दिव्याखाली धरला. इतकी वर्षं बघतेय, पण कधी नीट बघितलाच नव्हता. मोत्यांचा सर एकसारखा, मोजून काढल्यासारखा. पदराला एक चुणी नाही. खालच्या कोपऱ्यात मात्र रंगाचा टवका उडालाय आणि खालून राखाडी काहीतरी दिसतंय. मला आधी डाग वाटला. चष्मा लावला तर दोन बोटं. लहान मुलाची, पदर मुठीत धरलेली.

आत्याला फोन लावला. रात्रीचे नऊ वाजले होते, ती आधी घाबरलीच.

"बोटं? अगं, तो मधू असणार. तुझ्या बाबांच्या आधीचा. अडीच वर्षांचा होऊन गोवरात गेला."

बाबा थोरले, असंच आम्ही आजवर धरून चाललो होतो. त्यांच्या तोंडून मधूचं नाव कधी आलं नाही.

"आई गेली तेव्हा नानांकडे तिचा तेवढाच फोटो होता, मधूला मांडीवर घेतलेला. पेंटरने विचारलं, मुलाला ठेवू का? नाना म्हणाले, हार एकीला घालायचाय." आत्या जरा थांबली. "आणि हे बघ, ते तुझ्या मासिकात नको हं देऊस."

नाही देणार. फोटो अजून टेबलावरच आहे, पत्रांशेजारी. टवक्याच्या कडेचा रंग नखाने सहज निघेल, इतका सुटलाय. मघाशी नख लावलंही होतं, मग हात मागे घेतला.

उद्या इस्लामपूरच्या बाईंना कार्ड टाकायचं. म्हशीला अर्धं पान.