भाकरी, भात आणि माझी वही

२०२२ च्या ऑगस्टमध्ये शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली आणि माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, ६.२ आलं. ५.७ च्या खाली असलं की चिंता नाही, ६.५ झालं की मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर उभी. वय ४६, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ५८ किलो. स्टाफरूममध्ये सगळ्याजणी म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला कशी साखर? तुम्ही तर बारीकच."

आमच्या डॉक्टरांनी मला पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो दाखवला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. त्यात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून इतकी वेगळी असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचं सगळं समजायला मला आणखी वर्ष लागलं.

सल्ले भरपूर मिळाले. आधी मी दिवसातून दोनदाच जेवायला लागले. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं त्यानेच आठ किलो वजन उतरलं होतं, त्यांचा चेहराही उजळला होता. मला मात्र चौथ्या दिवसापासून पित्त. दुपारी सातवीच्या वर्गात फळ्याकडे वळलं की डोकं ठणकायचं, आणि रात्री ताटावर बसले की हात थांबायचा नाही. दीड महिना रेटलं. मग उलटं, दर दोन तासांनी थोडं थोडं. त्यात दिवसभर डबे आणि घड्याळ एवढंच डोक्यात राहिलं आणि वजन अडीच किलोनी वाढलं. पोळी-भात पूर्ण बंद करण्याचा प्रयोग नऊ दिवस टिकला.

यात एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. माझं बघून माझ्या मोठ्या दिरांनीही दोन जेवणं सुरू केली. त्यांना मधुमेहाची गोळी चालू होती, ती तेवढीच राहिली. तिसऱ्या दिवशी ते दुपारी घामाघूम, हात थरथरतायत, साखर ५८ पर्यंत उतरलेली. साखरेचं पाणी दिलं, तेव्हा सावरले. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण गाळणं किती धोक्याचं, हे आमच्या घराने डोळ्यांनी पाहिलं.

"तुमची चिकाटी कमी पडते," असं मला खूपदा ऐकावं लागलं, आणि मी ते खरंही मानलं होतं. माझी भाची आहारशास्त्र शिकते. तिने मला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास समजावून सांगितला. ६०९ माणसं, निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा, पूर्ण वर्षभर. दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोच उतरलं, म्हणण्यासारखा फरक नाही. पण प्रत्येक गटात कुणाचं पंचवीस किलोहून जास्त उतरलं, तर कुणाचं वाढलं. भाची म्हणाली, "मावशी, सरासरीला पोट नसतं. तू तुझं मोज."

मग ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं यंत्र, घेतला, डॉक्टरांना सांगून. पन्नास पट्ट्यांची डबी स्वस्त नाही, म्हणून जपून वापरल्या. पद्धत अशी ठरवली: एक जेवण निवडायचं, पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचायचं, आणि तेच जेवण तीन वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय काही ठरवायचं नाही. या यंत्रात पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं, एका आकड्यावर भरवसा नको. एकदा तर २३१ दाखवलं आणि माझे हातपाय गळाले. आंबा चिरून हात न धुता टोचलं होतं. साबणाने धुऊन परत पाहिलं, १२६.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. तिथली मालदांडी ज्वारी म्हणजे आमचा अभिमान, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. भाकरीने साखर वाढत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून रात्री दोन भाकऱ्या आणि पिठलं खाऊन जेव्हा १८४, १७९, १८८ आले, तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. त्याच आठवड्यात ह्यांनी माझ्याबरोबर तेच जेवून मोजलं: १३२. पुढे वाटीभर भात, घट्ट तुरीचं वरण आणि मेथीची भाजी, मला १३८ आणि ह्यांना १७१. एकाच चुलीवरचं, एकाच वेळेचं जेवण. २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने आठशे माणसांवर हेच पाहिलं होतं, असं भाचीने नंतर सांगितलं. पण माझ्यासाठी पुरावा म्हणजे आमच्या दोघांचे आकडे लिहिलेली माझ्या वहीतली ती दोन पानं होती.

भाकरी मी सोडली नाही. सोडायची नव्हतीच. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि काकडी, मग एकच भाकरी, शेंगाची चटणी, आणि जेवणानंतर गल्लीत पंधरा मिनिटं चालणं. यावर आकडा १४० च्या आत येऊ लागला. सकाळचे नुसते पोहे मला मानवत नाहीत. त्यात मोड आलेले मूग घातले की मानवतात. तीन जेवणं, मध्ये काही नाही, हे माझ्या पोटाला पटलं, पित्तही गेलं. आमच्या शाळेतल्या त्या बाई आजही दोनदाच जेवतात आणि ठणठणीत आहेत.

वर्षाने एचबीए१सी ५.८ आलं. आईला फोनवर सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "भाकरी खातेस ना गं?"

सकाळची उपाशीपोटीची साखर मात्र अजून ११० च्या आसपास अडते. जेवण तेच असूनही, उशिरापर्यंत पेपर तपासत बसले की ती हमखास चढलेली दिसते. म्हणून या महिन्यापासून वहीत एक नवा रकाना आखला आहे, झोपेच्या तासांचा. पहिले अकरा दिवस भरून झालेत.