तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईत चांगलं मेक्सिकन कुठे मिळेल?

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "मुंबईत चांगलं मेक्सिकन कुठे मिळतं? दोन-तीन नावं सांगा ना." नावं सांगता येतील, पण ती टिकत नाहीत. वांद्रे-खार, लोअर परळ, चर्चगेट, पवई, जिथे अशी हॉटेलं निघतात तिथलं भाडं परवडेनासं होतं, शेफ दुसरीकडे जातो, आणि पाटी तीच राहून आतला हात बदलतो. मागच्या दिवाळीतलं नाव या दिवाळीला उपयोगाचं असेलच असं नाही. म्हणून नावांऐवजी पारख सांगतो. पारखायची मुख्य गोष्ट एकच, टॉर्टिया, म्हणजे तिथली पातळ भाकरी. ती नीट असेल तर बाकीच्या चुका पोटात घालता येतात. ती फसली असेल तर वर काहीही घाला, उपयोग नाही.

मक्याची टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरीच, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण साध्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात आणि उलटताना ती हातात तुटते, हे करून बघितलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मेक्सिकोत मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. एक किलो सुक्या पांढऱ्या मक्याला साधारण तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खायचा चुना. अर्धा-पाऊण तास मंद उकळायचं, मग आच बंद करून रात्रभर तसंच झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत पाणी पिवळं आणि बुळबुळीत होतं, दाणा बोटांत चोळला की साल सुटून येतं. पाणी ओतून द्यायचं, मका धुवायचा आणि ओलाच दगडावर वाटायचा. शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात, आणि वाटून झालेल्या गोळ्याला मासा. चुन्यामुळे साल विरघळतं, पिठाला बांधणी येते आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, अंगी लागतं. मका समुद्रापार युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. त्यामुळे उत्तर इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा नावाचा रोग पिढ्यान् पिढ्या छळत राहिला.

मुंबईत रोज मका शिजवून वाटणारी स्वयंपाकघरं मोजकी. बरीच चांगली ठिकाणं मासा हरिना आणतात, म्हणजे हाच मासा वाळवून केलेलं पीठ. त्यात कमीपणा काही नाही, मेक्सिकोतही घरोघरी ते वापरतात. बिघडतं ते पुढे. साध्या मक्याच्या पिठात बांधणीसाठी मैदा मिसळला, की टॉर्टिया पिवळी आणि रबरासारखी होते. पाकिटातली मैद्याची टॉर्टिया गोल कापून तिलाच टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेली टॉर्टिया, म्हणून वाढलं, तर ती घडीची पोळी झाली.

म्हणून टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: "टॉर्टिया तुम्ही इथेच भाजता का? मक्याची आहे की मैद्याची? पीठ कुठलं?" 'मासा आहे का' असं मात्र विचारू नका, "हो, बासा आहे" असं उत्तर मिळेल. समोरचा माणूस आत विचारून येतो म्हणाला तर ते चांगलं लक्षण समजा. विचारायच्या आधीच "सगळं ऑथेंटिक आहे सर" असं आलं, तर दुसरा नंबर लावा.

पोहोचल्यावर आधी एक नुसती टॉर्टिया मागवा. देत नाहीत असं क्वचित होतं. नाकाशी धरा: पहिल्या पावसात भिजलेल्या चुन्याच्या भिंतीसारखा मंद वास आला पाहिजे. पाकिटातल्या मैद्याला असा वास येत नाही. मग मधोमध घडी घाला. घडीवर तडा गेला, तर ती सकाळी भाजून डब्यात ठेवलेली आहे, किंवा पीठ कोरडं भिजवलंय. दोन्ही बाजूंना विखुरलेले तपकिरी डाग हवेत, सगळीकडे सारखा फिका रंग नको. नीट भाजलेली टॉर्टिया तव्यावर फुलक्यासारखी फुगते: कडकडीत तव्यावर पहिली बाजू वीसेक सेकंद, उलटून पाऊण मिनिट, पुन्हा उलटली की टम्म. तवा थंड असेल तर ती फुगण्याआधीच सुकते आणि पापडाच्या वाटेला लागते. टाकोची टॉर्टिया तळहाताएवढी असते, दहा ते पंधरा सेंटीमीटर; रस्त्यावरच्या टाकोला बरेचदा दोन एकावर एक देतात, कारण सारणाचा रस वरची पिते आणि खालची ते धरून ठेवते.

मैद्याच्या टॉर्टियालाही खोटं म्हणू नका. सोनोरा, चिवावा या उत्तरेकडच्या राज्यांत गहू पिकतो, तिथे मैद्याचीच चालते आणि बुरिटो, म्हणजे टॉर्टियात गुंडाळलेलं सारण, हाही तिकडचाच. नाचोज तर १९४३ साली पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने केले. 'नाचो' हे इग्नासिओचंच लाडकं नाव. कडक कुरकुरीत कवचाचा टाको, पिवळं चीज आणि जिऱ्याचा भडिमार ही मात्र सीमेच्या अमेरिकन बाजूची, टेक्सासकडची चव. ती वाईट आहे असं नाही, ती वेगळी आहे, आणि मेनूवर तसं लिहिलं असेल तर तक्रार नाही.

मेनू वाचताना काय बघायचं? पहिलं, लांबी. मेक्सिकनसोबत पास्ता, थाई करी आणि सिझलर असेल, तर मक्यासाठी वेगळा तवा कुणी तापत ठेवलेला नसतो. दुसरं, सालसा किती प्रकारचे आहेत आणि कशाचे. टोमॅटो, कांदा, मिरची तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून वाटलेला सालसा चमच्यावर दाणेदार दिसतो आणि त्यात काळे ठिपके असतात. गोड, गुळगुळीत, एकसारखा लाल असेल तर बाटलीतला आहे, त्याला केचपच म्हणू. हिरव्या सालसाची अडचण वेगळी. तो टोमाटियोचा असतो, आणि टोमाटियो म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे; ते कागदी आवरणातलं आंबट फळ आहे, आपल्या रसभरीच्या जवळच्या नात्यातलं. इथे ते बहुतेक डब्यातलं येतं. कच्चे टोमॅटो आणि लिंबू घालून केलेला हिरवा सालसा चविष्ट लागू शकतो, फक्त त्याला टोमाटियोचा म्हणून खपवू नये.

मिरच्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मुंबईचं स्वयंपाकघर खरं तर श्रीमंत आहे. ग्वाहियो ही मेक्सिकोची रोजची सुकी मिरची: लालभडक, तिखटपणा बेताचा. लालबागच्या मिरची गल्लीतली ब्याडगी तिच्या बरीच जवळ जाते. आर्बोल लहान आणि झणझणीत, तिथे लवंगी चालून जाते. चिपोत्ले म्हणजे पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवलेली. तिचा धूर दुसऱ्या मिरचीतून येत नाही, म्हणून ती डब्यातलीच वापरावी लागते. आंचो, म्हणजे सुकवलेली पोब्लानो, मनुकांसारखी गोडसर असते आणि तिला आपल्याकडे जोड नाही. तेव्हा शेफ "ग्वाहियोऐवजी ब्याडगी घालतो" असं सरळ सांगत असेल, तर त्याला गुण द्या. आंचोऐवजी काश्मिरी मिरचीची पूड म्हणाला तर कापा. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा घट्ट रस्सा, असेल तर एक चमचा चाखून बघा. वीसच्या वर जिन्नस असतात, आणि काळ्या मसाल्यासारखंच प्रत्येक वेगळं भाजावं लागतं. एखादी मिरची करपली की अख्खं पातेलं कडू. चॉकलेट असतं, पण नावापुरतं. चव चॉकलेट सॉससारखी गोड असेल तर ते मोले नाही.

मांसाचं सांगायचं तर बोकडाकडे वळा. बिरिया हा हालिस्को राज्याचा पदार्थ मुळात बोकडाचाच, आणि मुंबईत मटण म्हणजे बोकडच. तीन-चार तास मंद शिजलेलं मांस, वाटीत लाल रस्सा आणि त्यावर तर्री. टॉर्टिया त्या तर्रीत बुडवून तव्यावर परतली आहे का, तेवढं बघा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाचं मांस मिळत नाही, मेनूत 'बीफ' दिसलं तर ते म्हशीचं. म्हशीच्या मांसात चरबी कमी, म्हणून पातळ भाजलं की चिवट होतं. आल पास्तोर मागवायचं तर विचारा, उभ्या सळईवर भाजता की तव्यावर. लेबनॉनहून आलेल्यांच्या शवर्म्यापासून ते निघालं. शेंद्रीच्या बियांची लाल पेस्ट लावलेलं डुकराचं मांस आणि अननस. चिकनचं केलं तर ते सळईवर कोरडं पडतं, तव्यावरचंच बरं.

माशाचा टाको बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा: पिठात घोळवून तळलेला पांढरा मासा, कोबी, क्रेमा म्हणजे आंबूस साय, लिंबू. मुंबईत तो रावस किंवा जिताड्याचा उत्तम होतो. "आज कुठला मासा?" याला बाराही महिने "बासा" हेच उत्तर येत असेल, तर तो फ्रीजरमधला आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा हा पदार्थ सोडूनच द्या.

लिंबाच्या बाबतीत आपण नशीबवान. मेक्सिकोत टाकोवर पिळतात ते लिमोन आणि आपलं कागदी लिंबू ही एकच जात. बी नसलेलं मोठं आयात लिंबू दिलं तर तो उगाच थाट. राजगिराही तिकडचाच: गुळासारख्या पाकात घट्ट केलेल्या वडीला ते आलेग्रिया म्हणतात, आपण चिक्की. घोळीची भाजी ते डुकराच्या मांसात घालतात, भोपळ्याची फुलं केसादियात, म्हणजे चीज भरून दुमडलेल्या टॉर्टियात. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत तिथे घरोघरी होतं. शाकाहारी असाल तर मेनूवर यातलं बिनमांसाचं शोधा. 'पनीर टिक्का टाको' शोधू नका. पनीर मात्र अस्पृश्य नाही, चुरडून वर घातलं तर केसो फ्रेस्को या ताज्या चीजची जागा बरी भरतं. राजम्यात गरम मसाल्याचा वास आला की समजावं, ती राजमा मसाल्याची गुंडाळी आहे. जैन हवं असेल तर आधी विचारा. कांदा-लसूण काढला की भाजलेल्या सालसातलं फारसं काही उरत नाही, मग भोपळ्याच्या फुलांचा केसादिया त्यातल्या त्यात सुरक्षित.

ग्वाकामोले, म्हणजे कुस्करलेला अॅव्होकाडो, चमच्याने ढवळून बघा. फोडी हाताला लागायला हव्यात. फिकट हिरवा आणि गुळगुळीत असेल तर मेयोनीज किंवा मटार आहे. कुर्ग-निलगिरीकडचा अॅव्होकाडो मोठा, गुळगुळीत सालीचा आणि पाणचट. जाड खरबरीत सालीचा हास जातीचा तुपासारखा. एवढाच फरक, पण वाडग्यात लगेच दिसतो.

घरी मागवायचं असेल तर टाको नको. डब्यात वाफ धरते, वीस मिनिटांत टॉर्टिया ओली आणि कवच मऊ. बुरिटो फॉइलमध्ये तग धरतो, बिरियाही धरतो, टॉर्टिया वेगळी असेल तर. ती मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, चामड्यासारखी होते. कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा सेकंद, आणि लगेच रुमालात गुंडाळा. सालसा वेगळ्या डबीत मागा. लिंबू घरचंच पिळा, पार्सलमधल्या फोडी दुपारी कापलेल्या असतात.