प्रिड्झ बेबाहेरचा तो एक कास्ट

जानेवारीचा शेवट, अंटार्क्टिकाच्या प्रिड्झ बेबाहेर खोल पाण्यात जहाज उभं आणि माझी रात्रपाळी, रात्र नावालाच, बाहेर संधिप्रकाश. विंचवरून सीटीडी सोडला, म्हणजे पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा), तापमान आणि खोली सलग मोजत जाणारं यंत्र, त्याच्या अशा एका खाली-वर फेरीला आम्ही कास्ट म्हणतो, आणि स्क्रीनवर रेघ उमटायला लागली की मी जागचा हलत नाही.

वरचं पाणी शून्याच्या आसपास, कमी खारट, उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं. सत्तर मीटरवर तापमान धाडकन उणे 1.7. हा गेला हिवाळा! समुद्राचं पाणी साधारण उणे 1.8 ला गोठतं, गोठताना मीठ बाहेर टाकतं, ते थंड खारट पाणी उन्हाळाभर खाली दबून राहतं. आणि त्याच्याही खाली पाणी चक्क शून्याच्या वर एक अंश. थंड वर आणि गरम खाली हे नवीन माणसाला पटतच नाही, पण इतक्या थंडीत कोण वर राहणार ते मीठ ठरवतं, तापमानाचं फारसं चालत नाही.

तळाजवळ रेघ पुन्हा शून्याखाली वळली, अंटार्क्टिक बॉटम वॉटर, म्हणजे अंटार्क्टिकाजवळ बनून समुद्रतळाशी पसरणारं थंड, जड पाणी. पश्चिमेला केप डार्नलीपाशी असं जड पाणी बनतं हे 2013 मध्ये जगाला कळलं, त्यात एलिफंट सीलच्या डोक्यावर चिकटवलेल्या सेन्सरांचा मोठा वाटा, मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं.

यंत्राभोवतीच्या मोठ्या बाटल्यांत वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी भरून वर येतं, ते आलं की सॅम्पल. काचेची छोटी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, भरायची, तोंड कोरडं पुसायचं, नाहीतर वाळलेल्या मिठाचा कण आत पडतो आणि रीडिंग गेलं, कारण तळाच्या पाण्यातला बदल दशांशानंतरच्या तिसऱ्या आकड्यात शोधायचा असतो.

रीडिंग आल्यावर आमच्या चीफ मॅडमनी त्याच जागेचा नव्वदच्या दशकातला कास्ट शेजारी लावला. तळाचं पाणी आता किंचित गरम आणि किंचित कमी खारट. बघून पोटात गोळा आला खरं सांगतो, एवढ्या खोलवर बदल पोचलाय म्हणजे वर केवढं काय झालं असेल.

वर तर 2015 नंतर उलटंच, उपग्रहांना दक्षिण महासागराचा पृष्ठभाग जास्त खारट होताना दिसतोय आणि समुद्री बर्फ घटलाय, फेब्रुवारी 2023 मध्ये तो 17.9 लाख चौरस किलोमीटरवर आला, तेव्हाचा नीचांक. वरचं पाणी खारट झालं की जड होतं, मग खालच्या उबेला वर यायला वाट मिळते. म्हणून मॅडमनी पुढच्या कास्टला वरच्या दोनशे मीटरमध्ये बाटल्या वाढवायला सांगितल्या आणि मी लगेच विसळायला बसलो.