दगड जुना, पण भिंत?

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, डमफ्रीसजवळ, कार्लॅव्हरॉकचा त्रिकोणी किल्ला आहे. भोवती पाण्याचा खंदक, उत्तरेच्या टोकाला जोडबुरुजांचा दरवाजा. त्या दरवाजालगतच्या भिंतीतल्या एका पट्ट्यावरून माझं आणि वरिष्ठ सहकाऱ्याचं बिनसलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

भिंतीचा दगड न् दगड मोजून कागदावर उतरवायचा आणि कुठला भाग कधीचा ते रंगाने दाखवायचं, हे आमचं काम. लोकांना वाटतं साल दस्तऐवजातून कळतं. खरं तर ते बरंचसं दर्जांमधून, म्हणजे दोन दगडांमधल्या चुना भरलेल्या फटींमधून, कळतं.

वरिष्ठांनी दगडांवरचे टाकीचे, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीचे, घाव पाहिले: बारीक, तिरपे, एका हाताचे. लगेच म्हणाले, 1270 चं दशक. खंदकावरच्या पुलाच्या लाकडांमधली वृक्षवलयं, म्हणजे झाडाच्या वाढीची वर्तुळंही, तोच काळ सांगतात, त्यामुळे त्यांना शंकाच नव्हती. मी मात्र दर्जांपाशी अडले. कमरेएवढ्या उंचीपर्यंत सांधेमोड (खालच्या थराच्या सांध्यावर वरचा सांधा न येऊ देणं) चोख आणि दर्ज बोटभरही नाही. त्यावर एकदम दर्ज दुप्पट जाड, मध्ये चिपा कोंबलेल्या, दोन ठिकाणी सांध्यावर सांधा. असे दगड घडवणारा गवंडी ते असे रचणार नाही.

आता इतिहास बघा. 1300 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेढा घालून हा किल्ला घेतला. पुढे धनी युस्टस मॅक्सवेल स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या बाजूला गेला आणि इंग्रजांना उपयोग नको म्हणून 1312 च्या सुमारास त्याने स्वतःच किल्ला पाडला. नंतर तो पुन्हा उभा राहिला. पाडलेला घडीव दगड ढिगाने पडलेला असताना नवा कोण काढेल? माझ्या मते दगड तेराव्या शतकातले, रचणारे हात चौदाव्यातले.

नंतरची भर ओळखायला सोपी आहे. माथ्यावरचे दगडी तोडे (भिंतीबाहेर काढलेले आधाराचे दगड) पंधराव्या शतकातले, आतला कोरीव खिडक्यांचा वाडा 1634 च्या सुमारासचा. हा पट्टाच तेवढा अडून बसलाय. चुन्याचा नमुना तपासता आला असता, पण संरक्षित वास्तूतून चिमूटभर चुना काढायलाही परवानगी लागते आणि आमच्या मुदतीत ती बसत नव्हती. वर कार्यालयाच्या फॉर्ममध्ये ‘बांधकामाचे साल’ ही एकच चौकट. साडेतीनशे वर्षं घडत राहिलेल्या वास्तूला असा प्रश्न विचारणाऱ्यांनी भिंत कधी जवळून पाहिलेली नसते.

मी पट्ट्याला वेगळा रंग देऊन शेजारी लिहिलं: ‘जुना दगड, फेररचना?’ वरिष्ठांना ते प्रश्नचिन्ह नको आहे. अहवाल अजून त्यांच्या टेबलावर आहे.