काढा नव्हे, अंगरस

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत ईथरची बाटली उघडणं हा एक सोहळाच असतो. विदर्भातला मे. बाहेर ४५ अंश, आत पंखा गरगरतोय तरी ३८. आणि ईथर, म्हणजे पानांतली रसायनं ओढून काढायचं आमचं द्रावक, उकळतं ३५ला. म्हणजे आमच्याकडे त्याला बर्नर लागत नाही, नुसतं टेबलावर ठेवलं तरी पुरे. बूच काढलं की फुस्स असा आवाज येतो आणि आमचे लॅब असिस्टंट भाऊ दर वर्षी तेच म्हणतात, "मॅडम, अर्धं तर उडूनच गेलं ना बाप्पा!"

मी गेली सव्वीस वर्षं फार्मसीच्या मुलांना फार्माकॉग्नोसी शिकवते. म्हणजे पानं, साली, मुळ्या, त्यांची ओळख आणि त्यांच्यातली रसायनं. मुलांना हा विषय कंटाळवाणा वाटतो, आणि अर्ध्या सत्रापर्यंत तो असतोही. मग मी ईथरची बाटली पुढे ठेवते आणि मलेरियावर औषध शोधणाऱ्या तू योयो या चिनी बाईंची गोष्ट सांगते. नाव उच्चारलं की वर्गात हशा पिकतो ("मॅडम, तू कोण? मी कोण?"). तो ओसरू द्यायचा.

२३ मे १९६७ला बीजिंगमध्ये एक गुप्त बैठक झाली. उत्तर व्हिएतनामचे सैनिक जंगलात गोळ्यांपेक्षा मलेरियाने जास्त हैराण झाले होते, मलेरियावरचं नेहमीचं औषध क्लोरोक्विन चालेनासं झालं होतं, आणि त्यांनी चीनकडे मदत मागितली होती. बैठकीच्या तारखेवरून प्रकल्पाचं नाव पडलं ५२३. चीनमध्ये तेव्हा सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चालू होता, बडे शास्त्रज्ञ खेड्यांत राबायला पाठवले गेले होते. जानेवारी १९६९मध्ये बीजिंगच्या पारंपरिक औषधांच्या अकादमीतल्या ३८ वर्षांच्या तूबाईंकडे एका गटाची जबाबदारी आली. शिक्षण फार्मसीचं, वर अडीच वर्षं चिनी वैद्यकाचा अभ्यास. पीएचडी नाही. (हे मी मुद्दाम दोनदा सांगते, मुलांना बरं वाटतं.) नवरा खेड्यात, मोठी मुलगी पाळणाघरात, धाकटी आजोळी. मलेरियाने ग्रासलेल्या हायनान बेटावरून बाई परतल्या तेव्हा लेकीने त्यांना ओळखलं नाही.

त्यांच्या गटाने जुने ग्रंथ चाळले, म्हाताऱ्या वैद्यांना विचारलं आणि २००० नुस्खे गोळा केले. त्यांतले ६४० निवडले. मग सुमारे २०० वनस्पतींचे ३८०वर अर्क करून मलेरिया झालेल्या उंदरांना दिले. छिंगहाव नावाच्या एका वनस्पतीने एकदा ६८ टक्के गुण दाखवला आणि पुढच्या वेळी १२ ते ४०वर आपटली. ज्याने कधी वनस्पतीचा अर्क केला आहे त्याला हे दुखणं ठाऊक असतं. पहिल्यांदा चालतं, आपण घरी पेढे नेतो, दुसऱ्यांदा काही नाही.

छिंगहावची आपल्याशी ओळख करून द्यायची तर ती आपल्या दवण्याची चुलत बहीण. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच दवणा. कुळ एकच, आर्टेमिसिया. पान चुरगाळलं की तसाच उग्र वास.

आता माझ्या आवडीचा भाग. चौथ्या शतकात गे हाँग नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याने बाहीत बाळगायचं, अडीअडचणीच्या उपचारांचं एक पुस्तक लिहिलं. त्यात थंडीतापावर एक ओळ आहे. छिंगहाव मूठभर घ्यावी, दोन मापं पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. बस, एवढंच. तूबाई या ओळीपाशी थांबल्या. चिनी वैद्यकात औषध म्हटलं की बहुतेक वेळा ते उकळायचं, तासन् तास. इथे चुलीचा उल्लेखच नाही.

हे मला इंग्रजीत वाचताना नीट समजलं नव्हतं. आजीमुळे समजलं. आमच्या अंगणात प्राजक्त होता. ताप आला की आजी त्याची पानं पाट्यावर वाटायची, मलमलीच्या फडक्यातून पिळायची आणि मधातून चाटवायची. इतकं कडू की मधाचा अपमान. एकदा आईने घाईत पानं उकळून दिली तर आजी फणकारली, "अगं काढा नाही, अंगरस!" आयुर्वेदातही स्वरस (पिळलेला रस) वेगळा, कल्क (वाटण) वेगळा, हिम (थंड पाण्यात भिजवलेलं) वेगळा, फांट (गरम पाण्यात भिजवलेलं) वेगळा, काढा वेगळा. वनस्पती एक आणि औषधं पाच. गे हाँगची ओळ हिम आणि स्वरस यांच्या मधली कुठली तरी आहे.

बाईंनी तर्क केला की उष्णतेने गुण जात असावा. म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर घेतलं. निघालेल्या अर्कातला आम्लधर्मी भाग धुऊन टाकला, उदासीन भाग ठेवला. ४ ऑक्टोबर १९७१, नमुना क्रमांक १९१. उंदरांत १०० टक्के.

पुढचं भराभर सांगते. मोठ्या प्रमाणात अर्क काढायला कारखाना मिळेना, तर घरगुती पाण्याचे रांजण आणून त्यांत ईथर भरलं. हवा खेळती नव्हती. माणसं आजारी पडली, बाईंच्या यकृतालाही इजा झाली. जुलै १९७२मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला, मग हायनानमध्ये २१ रुग्णांना दिला. नोव्हेंबरात स्फटिक हाती आले. तेच आर्टेमिसिनिन. रेणूच्या पोटात दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून बसलेले, पेरॉक्साइडचा पूल. मलेरियाचा जंतू आपलं हिमोग्लोबिन खातो, त्यातलं लोह या पुलाला भेटतं, पूल तुटतो आणि त्या भडक्यात जंतूच मरतो. युनान आणि शानतुंगच्या गटांनीही हा पदार्थ वेगळा काढला होता, रुग्णांवरचं मोठं काम लि ग्वोच्याव यांनी केलं. म्हणून २०१५मध्ये या शोधासाठीचा नोबेलचा वाटा एकट्या तूबाईंना मिळाला तेव्हा चीनमध्ये बरीच कुरबुर झाली. मला ती अगदीच अनाठायी वाटत नाही. १९७७चा पहिला शोधनिबंध तर कुणाच्याच नावाने नव्हता, नुसता 'सहकारी गट'.

इथपर्यंतची गोष्ट मी बरीच वर्षं अशीच सांगायची आणि शेवटी स्वतःची एक जखम उघडी करायची. एम.फार्म.ला मी प्राजक्ताच्या पानांवरच काम केलं. पानं ६० अंशाच्या ओव्हनमध्ये कडकडीत वाळवली, भुकटी केली, सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणात मेथॅनॉलवर बारा बारा तास शिजवली. यीस्ट टोचून ताप आणलेल्या उंदरांना तो अर्क दिला. ताप जागचा हलला नाही. मी लिहिलं, 'लक्षणीय परिणाम आढळला नाही.' मार्गदर्शकांनी ते खोडून 'सौम्य परिणाम' असं करवून घेतलं. मी केलं. पदवी हवी होती. पुढे तूबाईंची गोष्ट वाचली आणि कपाळावर हात मारला. आजी अंगरस म्हणत होती आणि मी बारा तासांचा काढा करत बसले होते! उष्णतेनेच घात केला.

दहाएक वर्षांपूर्वी एका मुलीने हात वर केला. "मॅडम, आर्टेमिसिनिनचा वितळणबिंदू किती?" मी सांगितलं, १५६ अंशांच्या आसपास. "मग ते ३५ अंशांच्या वर खराब कसं होईल?"

मी गप्प. घरी येऊन वाचत बसले. तिचं खरं होतं. उदासीन द्रावकात आर्टेमिसिनिन चांगलं उकळलं तरी टिकतं. काढ्यात ते उतरत नाही याचं मोठं कारण म्हणजे ते पाण्यात विरघळतच नाही म्हणण्याइतकं कमी विरघळतं. ईथर चाललं ते थंड म्हणून जितकं, त्याहून जास्त ते तेलकट पदार्थ ओढून घेतं म्हणून. आणि गे हाँगच्या पाण्यात ते आलं कसं? नंतर काही संशोधकांनी ओला पाला कुटून पिळून पाहिला, तर रसात त्याच पाल्याच्या चहापेक्षा कितीतरी पट जास्त आर्टेमिसिनिन मिळालं. पिळताना पानातली तेलं वगैरे रसात मिसळतात आणि त्यांच्यासोबत तेही येतं. म्हणजे त्या ओळीतला वजनदार शब्द 'भिजवावी' नव्हता, 'पिळून' होता. बाईंचा तर्क थोडा चुकला होता, प्रयोग बरोबर होता. मला आता गोष्टीतलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. आणि माझ्या प्रबंधाचा आरोपी म्हणून मी इतकी वर्षं उष्णतेला धरून बसले होते, त्याला पुरावा काय? काहीच नाही.

नावांचंही असंच. जुन्या ग्रंथांत छिंगहाव या नावाखाली एकाहून जास्त वनस्पती आहेत. औषधी गुणाची ती आर्टेमिसिया ॲन्युआ, तिची एक जुळी दिसणारी बहीण मात्र आर्टेमिसिनिनच्या बाबतीत कोरडी. नाव चुकलं की काय होतं हे बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांगजी नावाची चिनी वनस्पती घालायची होती. मिळाली ग्वांगफांगजी, म्हणजे ॲरिस्टोलोकियाच्या कुळातली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. तीही 'हजारो वर्षांची परंपरा'च होती. आपल्याकडचं सापसंद त्याच कुळातलं, हे मी वर्गात पाटी ठोकल्यासारखं सांगते. आणि पुण्या-नागपूरच्या काष्ठौषधींच्या दुकानात ब्राह्मी मागून बघा, पुडीत कुठली वनस्पती निघेल त्याची खात्री मला सव्वीस वर्षांनंतरही देता येत नाही.

म्हणून 'चीनने केलं, आपल्याही ग्रंथांत सगळं आहे' असा फॉरवर्ड आला की मी त्यावर काही लिहीत नाही. ओळी आहेत, नक्की आहेत. पण एका ओळीपाशी कोण किती वर्षं बसलं ते विचारावं. तसं आपल्याकडेही बसलेत लोक. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने आर्टेमिसियाच्या लागवडीचे वाण काढले, तिथल्याच सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेने आर्टेमिसिनिनपासून आर्टईथरचं इंजेक्शन बनवलं. मुंबईत पोदार आयुर्वेद रुग्णालयात तर मलेरियाच्या रुग्णांवर प्राजक्ताच्या पानांचाच अभ्यास झाला, २००८मध्ये तो छापून आला. त्यांनी काय दिलं होतं? ताजी पानं वाटून केलेली चटणी. आजीला सांगायला हवं होतं.

माझी मावसबहीण गडचिरोली जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. दिवाळीत तिच्या पिशवीत मलेरियाच्या गोळ्यांची पाकिटं पाहिली. तान्ह्यांना गुलाबी, मग पिवळं, हिरवं, लाल, मोठ्यांना पांढरं. त्यांत आर्टेसुनेट, त्याच छिंगहावच्या पोटातून निघालेलं, सोबत दुसरं औषध, म्हणजे जंतू सहजी निर्ढावणार नाही. कंबोडियात तो निर्ढावायला लागलाच आहे. मी तिला विचारलं, या गोळ्या कशापासून झाल्या माहीत आहे का? ती म्हणाली, "ताई, लोकांना तीनही दिवस खायला लावणं हेच मोठं काम आहे. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या छपरात खोचून ठेवतात."

या सत्रात एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी प्राजक्त मागून घेतला. एकाच झाडाची, एकाच सकाळी तोडलेली पानं. निम्म्यांचा काढा, निम्म्यांचा पाट्यावर वाटून अंगरस (पाटा माझ्या घरून गेला, मिक्सरला मी नाही म्हटलं, कारण शास्त्रीय नाही, भावनिक आहे). दोन्ही एकाच टीएलसी प्लेटवर (अर्कातले घटक ठिपक्याठिपक्यांनी वेगळे करणारी पट्टी) शेजारी शेजारी, ठिपक्यांना रंग आणणारं ॲनिसाल्डिहाइड फवारून गरम केलं. अंगरसाच्या रांगेत एक जांभळट ठिपका जास्त आला. पोरगा नाचायचाच बाकी होता. मी विचारलं, पाटा आधी कशाने धुतला होता?

त्याने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. घरी आदल्या रात्री त्याच पाट्यावर मी लसणीची चटणी वाटली होती.

सोमवारी पुन्हा करणार आहोत.