मेंदूचं शिकवायला सरकारी पैसा कशाला?

“सर, पोरांना मेंदूच्या आरोग्याच्या चार गोष्टी सांगायच्या, त्याला सरकारचा पैसा कशाला लागतोय? एखाद्या डॉक्टरला बोलवा, शाल-नारळ द्या, झालं की!” पालकसभेत हे ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो, कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पेला हातात असतानाही ऐकलंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

डॉक्टर येतात, फुकट येतात आणि बोलतातही छान. पण येतात कुठल्या शाळेत? जिथं हॉल आहे, माईक आहे, दारापर्यंत गाडी जाते. गगनबावड्याकडच्या वाडीवरल्या दोनशिक्षकी शाळेत ऐन पावसात व्याख्यानाला कोण जाणार? आणि गेलं, तरी पुढच्या जूनमध्ये वर्गात पोरं नवी असतात.

आता वर्गातलं बघा. श्रुतलेखन चाललंय. चौथीतली एक मुलगी लिहिता लिहिता थांबते, पापण्या फडफडतात, नजर फळ्याच्या पलीकडं कुठंतरी. दहा-बारा सेकंद. मग पेन्सिल पुन्हा चालू. वही बघाल तर मधले दोन-तीन शब्द गायब आणि पुढचं अक्षर पहिल्यासारखंच वळणदार. आई म्हणते, “तिला तंद्रीच लागत्या ओ सर, ध्यानच नसतंय.” हा फिटचाच एक प्रकार असू शकतो, यात पोर पडत नाही की तोंडाला फेस येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि त्यांच्या यादीत झटक्यांचे आजार आहेतही. पण नेमके तेच दहा सेकंद डॉक्टरांपुढं यायचे कसे? ते दिसतात वर्गशिक्षकाला. त्याला ओळखता आलं तर पोर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात तपासणीला जातं, नाहीतर धपाटा खातं.

मोठी फिट आली की तर सगळा गाव वैद्य. एका शाळेत परिपाठाला मुलगा कोसळला तेव्हा एकजण पोषण आहाराच्या खोलीतून कांदा फोडून घेऊन आला, दुसऱ्यानं चप्पल काढली, तिसरा किल्ल्यांचा जुडगा शोधत होता. तोवर सातवीतल्या पोरीनं त्याच्या डोक्याखाली दप्तर सरकवलं, त्याला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडं बघत बसली. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन, हे तिला पाठ होतं. भाषण ऐकून हे येत नाही. त्या वर्गात पोरांनी एकमेकांना कुशीवर वळवून सराव केला होता, हसत-खिदळत का होईना.

घरचंही तसंच. आजीचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की आपल्याकडं म्हणतात “अंगावरनं वारं गेलं” आणि निघतात झाडपाल्याच्या औषधाला. हा मेंदूचा झटका असू शकतो. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. त्यातले दोन तास तर ‘कुठं न्यायचं’ यातच जातात. मोठी माणसं कामाला गेलेली असताना आजीजवळ असतं ते शाळेतून आलेलं पोर. (पेठेतल्या फुटबॉलवर तर वेगळं लिहावं लागेल. डोक्याला डोकं आपटलं की तोंडावर पाणी मारून गडी परत मैदानात!)

कागदावर सोय आहे. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत, आठवड्याला एक तास, ११ विषय. भावनिक-मानसिक आरोग्य त्यात आहे, रस्ता सुरक्षाही आहे. अडतं ते पुढं. प्रशिक्षण घेतलेल्या गुरुजींची बदली झाली की शिकलेलं त्यांच्याबरोबर गेलं. उरलेल्या बाई बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या कामात. शाळा अनुदान म्हणाल तर शंभरच्या आतल्या पटाला वर्षाला फार तर २५ हजार. त्यात लाईट बिल, खडू, गळकं छप्पर, शिवाय दहा टक्के स्वच्छतेला. मेंदूला काय उरणार?

देणगीवरही काही ठिकाणी हे चालतं. दोन वर्षं चालतं, मग देणाऱ्याचा विषय बदलतो. त्याला बोल लावता येत नाही, पैसा त्याचा. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते दानशूरांच्या मर्जीवर ठेवलं नाही; दरबारच्या खर्चात धरलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड लावला. निपाणीपलीकडं कर्नाटकनं २०२२ मध्ये निम्हान्सला, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या बंगळूरच्या संस्थेला, बरोबर घेऊन मेंदू आरोग्याचा सरकारी उपक्रम काढला. तो मुख्यतः दवाखान्यांतून चालतो, पण सरकारनं तो आपलं काम म्हणून हाती घेतला.

मी मागतो ते फार नाही. नवं पुस्तक नको, नवा तास नको. दर जूनमध्ये प्रत्येक शाळेतल्या दोघांचं प्रशिक्षण, बदली होऊन आलेल्यांसकट. त्या दिवसांपुरता वर्गावर दुसरा माणूस. आणि शिक्षकानं चिठ्ठी दिलेलं पोर तपासणीला पोचलं का, हे बघणारं तालुक्याला कुणीतरी. हे तिन्ही जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात स्वतःच्या ओळीवर हवं, ‘इतर खर्चा’त नको. तुमच्या गटाचा सदस्य पुढच्या वेळी भेटला की एवढं त्याला विचारा.